उजवा कॅलिपर बदलला, डावा वाचवला: नाना पेठेतल्या एका ब्रेक मिस्त्रींच्या कामाबद्दल

ब्रेकचे काम कसे झाले ते गॅरेजच्या दारात कळत नाही, पहिल्या पावसाळ्यात कळते. म्हणून काम होऊन सहा महिने आणि जून ते सप्टेंबरचा पूर्ण पाऊस उलटेपर्यंत मी हे लिहायचे थांबलो होतो. गाडी दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम, 78,000 किलोमीटर झालेली. वर्षातले साधारण दोन महिने ती गुहागर तालुक्यातल्या आमच्या घराच्या अंगणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते, आणि पुढे जे घडले त्याचे अर्धे कारण त्या खाऱ्या हवेत आहे. उरलेले अर्धे कुठे आहे ते ओघात येईलच.

एप्रिलच्या अखेरीस गुहागरहून परतताना ताम्हिणी घाट चढून वर आलो आणि मुळशीच्या बाजूला चहाला थांबलो, तेव्हा उजव्या पुढच्या चाकाजवळ करपल्याचा वास आला. घाट उतरताना ब्रेक तापले तर नवल नाही. चढताना ब्रेकवर पाय जवळजवळ पडतच नाही, तरीही रिमजवळ हात नेववत नव्हता आणि डावे चाक मात्र नुसते कोमट होते. त्याआधीचे दोन-तीन आठवडे स्टिअरिंग सैल धरले की गाडी किंचित उजवीकडे ओढते हे जाणवत होते, पण मी त्याचे खापर व्हील अलाइनमेंटवर फोडून मोकळा झालो होतो. चूक माझीच. पॅड, म्हणजे डिस्कला दाबून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, डिस्कला सतत घासत असतील, म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेत ब्रेक चिकटत असेल, तर गाडी त्याच बाजूला ओढते आणि ब्रेक न दाबताही ओढते. उलट पॅडला ढकलणारा पिस्टन जाम होऊन पुढेच येत नसेल तर ब्रेक दाबल्यावर गाडी विरुद्ध बाजूला, ज्या चाकाचा ब्रेक नीट लागतो त्या बाजूला जाते. हा फरक तेव्हा आठवला असता तर निदान तीन आठवड्यांचे पेट्रोल वाचले असते.

दुसऱ्या दिवशी गाडी नेहमीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथे चाक न काढता, गाडीचे वय आणि किलोमीटर पाहून, पुढचे दोन्ही कॅलिपर (पिस्टन पोटात घेऊन पॅड डिस्कवर दाबणारा भाग), दोन्ही डिस्क, पॅड आणि कॅलिपरला ब्रेक ऑइल पोहोचवणारे रबरी होज पाइप असे 31,400 रुपयांचे एस्टिमेट हातात आले. आकड्यापेक्षा मला हे खटकले की कॅलिपर का जाम झाला असेल, या साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला कुणी तयार नव्हते. “आम्ही असेंब्लीच बदलतो सर, आतलं उघडत नाही,” एवढेच सांगण्यात आले. धोरण म्हणून त्यात गैर काही नाही, कारण रोज तीस-चाळीस गाड्या हाताळणाऱ्या ठिकाणी प्रत्येक कारागिराच्या हातावर विसंबून ब्रेक उघडण्यापेक्षा अख्खा भाग बदलणे सुरक्षित असते. परंतु त्याच जागेच्या दीड वर्षापूर्वीच्या बिलावर ‘ब्रेक क्लीनिंग अँड ग्रीसिंग’ या नावाखाली 650 रुपये लावलेले मला आठवत होते, म्हणून चाक उघडून बघणारा माणूस शोधायचे ठरवले.

असा माणूस पुण्यात शोधायचा तर नाना पेठेत, हे जुन्या गाडीवाल्यांना सांगावे लागत नाही. सुट्या भागांच्या दुकानांच्या रांगेत, एका अरुंद बोळाच्या तोंडाशी, फक्त ब्रेक आणि क्लचची कामे करणारे एक छोटे गॅरेज आहे. एक वयस्क मिस्त्री, ज्यांना सगळे काका म्हणतात, आणि दोन पोरे, एवढाच कारभार. गाडी उभी करायला जागा एकाच वेळी दोनच गाड्यांची, आणि तिसरी आली तर बोळातल्या दुचाकी हलवाव्या लागतात. बसायला प्लास्टिकची खुर्ची आहे, पण तिच्यावर बहुधा कुणाची तरी चाके ठेवलेली असतात.

काकांनी माझी कहाणी निम्म्यातच थांबवली. “कॅलिपर मेलाय, की त्याला कुणी मागून धरून ठेवलंय, ते आधी बघू,” असे म्हणून त्यांनी पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलून गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर टेकवली, चाके काढली आणि डिस्कला हाताने झटका देऊन फिरवून पाहिले. डावी डिस्क सहज दोन फेरे फिरली, उजवी पाव फेराही सरकेना. मग पोराला ब्रेक दाबून सोडायला सांगितले आणि उजव्या कॅलिपरचे निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू, अर्धा आटा सैल केले. हे करण्यामागचे कारण त्यांनी न विचारता सांगितले. होज पाइप जुना झाला की त्याचे आतले रबर फुगते किंवा सुटते, ऑइल जोराने पुढे तर जाते पण परत येत नाही, आणि ब्रेक चिकटल्यासारखा वागतो. असे असेल तर निपल सैल करताच दाबाखालचे ऑइल उडते आणि चाक मोकळे होते. अशा वेळी नवा कॅलिपर बसवला तरी आठवड्याभरात तक्रार पुन्हा दारात येते. माझ्या बाबतीत निपलमधून चार काळपट थेंब ओघळले आणि डिस्क जागची हलली नाही. होज पाइप निर्दोष सुटला. सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटमधली एक ओळ इथे, दोन मिनिटांत, एका पान्याच्या अर्ध्या आट्यावर गळून पडली.

आमच्यासारख्या बहुतेक गाड्यांचा पुढचा कॅलिपर तरंगता असतो, म्हणजे पिस्टन एकाच बाजूला, आतून. तो आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडलाही ओढून घेतो. या दोन पिना मोकळ्या सरकल्या पाहिजेत, एवढीच त्या रचनेची अट आहे आणि नेमकी तीच अट पाळली जात नाही. उजव्या बाजूची वरची पिन हाताने आली. खालची पिन अजिबात येईना. तिला पान्याने डावी-उजवीकडे फिरवत, गंज सोडवणारा स्प्रे मारत काढायला वीस मिनिटे लागली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्यावर ग्रीसचा मागमूस नव्हता, तांबूस भुकटीचा थर होता. तिचे रबरी बूट पिळवटून एका बाजूने खाचेतून निसटलेले होते. पॅड समोर धरले तेव्हा आतल्या पॅडवर जेमतेम 2 मिलिमीटर माल शिल्लक होता आणि बाहेरच्यावर 6. एकाच कॅलिपरमधल्या दोन पॅडांत एवढा फरक दिसला की पॅडला दोष देण्याआधी पिना तपासायच्या, हे मी तिथे उभ्या उभ्या शिकलो. ते 650 रुपयांचे ग्रीसिंग कोणत्या पिनेला लागले होते, हे मला आजतागायत कळलेले नाही.

पिनेचेच दुखणे असते तर काम तिथे संपले असते, पण काकांनी सी-क्लॅम्प लावून पिस्टन मागे ढकलून पाहिला आणि तो निपल उघडे असूनही हलेना. तेव्हा कॅलिपर उतरवून, तोंडासमोर लाकडाचा ठोकळा धरून, ऑइलच्या भोकातून हवेचा दाब हळूहळू देत पिस्टन बाहेर काढण्यात आला. ठोकळ्याच्या जागी बोट ठेवणाऱ्यांची बोटे कशी चेचतात याची दोन उदाहरणे त्यांनी हवा सोडता सोडता ऐकवली, आणि पोरगे दोन पावले मागे सरले. पिस्टनचे डस्ट कव्हर एका जागी फाटलेले होते, आणि बरोबर त्या फाट्याखाली, चकचकीत क्रोमच्या पृष्ठभागावर, मसुराच्या डाळीएवढा गंजाचा डाग होता. काकांनी माझे बोट धरून त्यावरून नख फिरवायला लावले. नख अडकले. “नखाला अडकतं ते सीलला कापतं. हा घासून चालणार नाही.”

हे वाक्य समजायला त्या सीलचे काम समजायला हवे. कॅलिपरमध्ये पिस्टनला मागे खेचणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी कडे असते. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि ते कडे त्याच्याबरोबर किंचित वाकते, ब्रेक सोडला की ते आपल्या मूळ आकारात येताना पिस्टनला तेवढेच, मिलिमीटरच्या एका लहानशा अंशाइतके, मागे आणते. पॅड आणि डिस्क यांच्यातली फट ती एवढीशीच. रबर कडक झाले, किंवा पिस्टनवर गंज धरून घर्षण वाढले, की हे मागे येणे थांबते. पॅड घासत राहतात, डिस्क तापते, त्या उष्णतेने रबर आणखी कडक होते आणि दुखणे स्वतःलाच पोसू लागते. डाव्या कॅलिपरचा पिस्टन काढला तेव्हा तो नखाला गुळगुळीत लागला, सील मात्र जुन्या रबरबँडसारखे ताठ झाले होते. निदान असे ठरले की डाव्याला किट टाकायचे, म्हणजे सील, डस्ट कव्हर आणि पिनांची बुटे नवी घालायची, आणि उजवा कॅलिपर बदलायचा. पॅड अर्थातच दोन्हीकडचे नवे, कारण एका एक्सलवर एक जुना आणि एक नवा पॅड ही सरळ अपघाताची तयारी आहे.

दोन्ही कॅलिपर जोडीने बदलावेत का, असे मी विचारले. जोडीने बदलले तर उत्तमच, पण दोन्हीकडचे रबर, पॅड आणि ऑइल एकाच दिवशी नवे होत असेल तर चांगला कॅलिपर भंगारात टाकण्याचे कारण नाही, असे त्यांचे मत पडले आणि सहा महिन्यांच्या अनुभवावरून मला ते पटलेले आहे. डिस्कही वाचल्या: कडेवर किमान जाडी 20 मिलिमीटर अशी कोरलेली होती, आणि मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजल्यावर सर्वांत कमी आकडा 20.9 आला. तापून निळसर झालेला पट्टा उजव्या डिस्कवर दिसत होता, तरी ती वाकलेली नव्हती.

नवा कॅलिपर शेजारच्याच दुकानातून 4,150 रुपयांना आणला. खोक्यात फक्त कॅलिपर होता. ब्रॅकेट, म्हणजे कॅलिपर आणि पॅड धरणारी चौकट, जुनेच वापरायचे होते, आणि होजच्या बोल्टखाली लागणारे तांब्याचे दोन वॉशर खोक्यात नव्हते, जे एवढ्या किमतीत असायला हरकत नव्हती. ते वेगळे, 40 रुपयांना घ्यावे लागले. बसवण्याआधी काकांनी निपल वरच्या टोकाला येते ना, हे ताडून पाहिले. दुकानातून डाव्याऐवजी उजवा आला तर तो अनेकदा बिनबोभाट बसतो, मात्र निपल खाली जाते, हवेचा बुडबुडा वर अडकून राहतो आणि कितीही वेळ एअर काढली तरी पेडल स्पंजासारखे दबते. असा एक घोळ निस्तरायला त्यांचा अर्धा दिवस गेला होता म्हणे. दुकानदाराने 1,900 रुपयांचा रिकंडिशन्ड कॅलिपरही पुढे केला होता, पण तो कुठून आला आणि आत काय घातले आहे हे कुणी सांगू शकेना, म्हणून मी हात लावला नाही. त्याच दुकानात, एका नामांकित इटालियन कंपनीचे नाव छापलेली लाल प्लास्टिकची टोपणे, कॅलिपरवर चिकटवण्यासाठी, जोडीने विकली जात होती. काकांनी त्यांच्याकडे पाहून फक्त नाक मुरडले.

बसवण्याच्या कामात मला आवडलेल्या गोष्टी जास्त आहेत. कॅलिपर उतरवल्यावर तो होजवर लोंबकळत न ठेवता तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधला होता. डाव्या कॅलिपरचे भाग पेट्रोल किंवा डिझेलने न धुता ब्रेक क्लीनरने आणि शेवटी नव्या ब्रेक ऑइलने धुतले, कारण ग्लायकॉलवर आधारलेल्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेले रबर पेट्रोलियमच्या स्पर्शाने फुगते. याच कारणाने पिनांना चाकाच्या बेअरिंगचे पिवळे ग्रीस न लावता किटबरोबर आलेल्या पुडीतले सिलिकॉन ग्रीस लावले, तेही बोटभर न फासता पातळ थराने, कारण भोकात ग्रीस ठासले की पिन आत शिरताना हवा कोंडते आणि ती परत बाहेर ढकलली जाते. खालच्या पिनेला रबरी बुश होते, वरचीला नव्हते. काढताना त्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्या होत्या, त्यामुळे अदलाबदल झाली नाही. ब्रॅकेटमधल्या ज्या खाचांत पॅडचे कान बसतात, त्या वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत घासल्या. गंजाने खाच अरुंद झाली की पॅड तिथेच अडकतो, आणि हे घासण्याचे काम घाईत सर्वांत आधी गाळले जाते.

न आवडलेल्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. ब्रॅकेटचे बोल्ट लांब दांड्याच्या पान्याने अंदाजाने आवळले जात होते. मी गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकातले पान फोनवर दाखवले, तेव्हा एका ड्रॉवरच्या तळातून धूळ खात पडलेला टॉर्क रेंच, म्हणजे मोजून बोल्ट आवळण्याचा पाना, निघाला आणि ब्रॅकेटचे बोल्ट 85 व पिनांचे बोल्ट 26 न्यूटन-मीटरला आवळले गेले. “हात सांगतो साहेब,” असे काका म्हणाले, आणि पन्नास वर्षे काम केलेला हात बहुधा सांगतही असेल, पण पोरांचा हात अजून काही सांगायला शिकलेला नाही. दुसरी गोष्ट ब्रेक ऑइलची. फळीवरची अर्धी भरलेली, झाकण सैल असलेली बाटली उचलली गेली, तिला मी नको म्हटले आणि डॉट 4 या दर्जाच्या ब्रेक ऑइलच्या दोन सीलबंद बाटल्या मागवल्या. हा माझा सोवळेपणा नव्हता. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ताजे डॉट 4 किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की प्रमाणकानुसार ती मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरते, आणि घाटात तापलेल्या कॅलिपरमध्ये ऑइल उकळले की पायाखाली पेडल रिकामे जाते. तोच ओलावा आतून पिस्टनला गंज चढवतो. माझ्या टाकीतले जुने ऑइल कोऱ्या चहासारखे काळे झाले होते आणि ते बदलून चार वर्षे उलटली होती, म्हणजे सुरुवातीला म्हटलेले दुसरे अर्धे कारण अंशतः सर्व्हिस सेंटरचे आणि अंशतः माझ्याच टाळाटाळीचे निघाले. दर दोन वर्षांनी ते बदलायचे असते, हे पुस्तकात स्वच्छ लिहिलेले होते.

एअर काढण्याचा कार्यक्रम “दाब, धर, सोड” या तालावर चारही चाकांना, गाडीच्या पुस्तकातल्या क्रमाने, नळीतून स्वच्छ पिवळसर ऑइल येईपर्यंत चालला. बॉनेटच्या कडेवर सांडलेले ऑइल पोराने लगेच पाण्याने धुतले, कारण ते रंग खाते. गाडी हलवण्याआधी पेडल दगडासारखे घट्ट होईपर्यंत दाबून घेतले, आणि मग काकांनी स्वतः शंकरशेठ रस्त्यापर्यंत ट्रायल मारली. नवे पॅड बसवून घेण्यासाठी, मोकळ्या रस्त्यावर 50-60 च्या वेगावरून 10-15 पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम दाबाने ब्रेक लावायचा आणि मग गाडी थंड होऊ द्यायची, हे त्यांनी मला दोनदा बजावले.

नवा कॅलिपर 4,150, किट 380, पॅड 1,650, ऑइल 700, वॉशर 40 आणि लेबर 1,800, असा एकूण खर्च 8,720 रुपये झाला. दुपारी एकला देतो म्हटलेली गाडी सहाला मिळाली. पक्के बिल नाही, कागदाच्या चिठ्ठीवर हिशेब. लेखी वॉरंटीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलचा ओलसर ठिपका दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. गाडी हळू चालवत परत नेली, तेव्हा तांब्याचा एक वॉशर तिरका बसल्याचे निघाले. तो बदलून पुन्हा एअर काढून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि चूक आमची हे त्याच पोरासमोर मान्य केले. ब्रेकच्या कामात गळती ही क्षुल्लक बाब नव्हे, म्हणून त्याचे गुण मी कापतो. कबुली आणि तत्परता पाहून अर्धे परत देतो.

त्यानंतर 12 किलोमीटर शहरात फिरून इन्फ्रारेड थर्मामीटरने डिस्क मोजल्या: डावी 61 अंश, उजवी 64. पावसाळ्यात गाडी दोनदा गुहागरला गेली, एकदा सलग बारा दिवस अंगणात पावसात उभी राहिली. तिथून निघताना पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखर झाली, पण डिस्कच्या पृष्ठभागावर रात्रीतून येणारा तांबूस थर पॅडने पुसला जाण्याचा तो आवाज होता, त्याला दुखणे समजू नये. परतताना ताम्हिणी चढून त्याच चहाच्या टपरीवर थांबलो आणि दोन्ही चाकांजवळ हात धरून पाहिला. टपरीवाल्याला त्यात काय विशेष वाटले असेल ते असो. ऑक्टोबरमध्ये चाकांची अदलाबदल करताना काकांकडेच पिना पाहून घेतल्या. चारही पिना बोटाने सरकत होत्या, बुटे खाचेत होती आणि चारही पॅडांची झीज अर्ध्या मिलिमीटरच्या फरकात होती. या तपासणीचे त्यांनी 200 रुपये घेतले. दर 10,000 किलोमीटरला, चाके उतरलेलीच असताना, एवढे बघून घेतले असते तर उजवा कॅलिपर बहुधा अजून दहा वर्षे चालला असता.

सगळ्यांनी इथे जावे असे मी म्हणणार नाही. गाडी वॉरंटीत असेल तर अर्थातच कंपनीकडे जावे. मागच्या डिस्कवर बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाड्यांत पिस्टन मागे घेण्यापूर्वी स्कॅनर लावून यंत्रणा सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते. तो स्कॅनर इथे नाही, आणि तशी एक गाडी काकांनी माझ्यासमोर परत पाठवली. क्लॅम्प लावून जबरदस्ती करणाऱ्यांपेक्षा हे नाही म्हणणे मला भरवशाचे वाटले. केबलच्या हँडब्रेकचे मागचे कॅलिपर मात्र ते करतात, आणि त्यांचा पिस्टन दाबून नव्हे तर फिरवून मागे न्यायचा असतो, हे तिथल्या धाकट्या पोरालाही ठाऊक आहे.

जायचेच असेल तर सकाळी नऊच्या आधी पोहोचावे, नाहीतर बोळात गाडी शिरत नाही. ब्रेक ऑइलच्या सीलबंद बाटल्या आणि आपल्या गाडीच्या टॉर्कचे आकडे बरोबर न्यावेत, आणि तांब्याचे वॉशर बसताना जवळ उभे राहावे. रविवारी बंद.